फार्सचा माग कसा काढावा: व्हिएन्नाहून निघालेला दुकानातला पोऱ्या

एखादा जर्मन फार्स परदेशात कसा गेला हे शोधायला बसलात, तर माझं पहिलं सांगणं असं की शब्दांच्या मागे जाऊ नका. नावाच्या मागेही जाऊ नका, कारण नाव सरहद्द ओलांडतानाच बदलतं. एक प्रसंग पकडा. तो कुठल्या गावात उतरला आणि कुणाच्या अंगावर कुठले कपडे होते, एवढं बघत चला. माणसांची नावं पुसली जातात, विनोद पार बदलतात, पण फार्सच्या प्रसंगाची रचना शंभर वर्षांनीही ओळखता येते.

मी हे एकाच नाटकावर शिकले. व्हिएन्नाचा नाटककार आणि नट योहान नेस्ट्रॉय याचं 'आइनेन युक्स विल एर झिश माखेन'. पहिला प्रयोग १० मार्च १८४२, व्हिएन्ना, थिएटर आन डेअर वीन. 'युक्स' म्हणजे मजा, पण साधी मजा नव्हे. घरी कळलं तर बोलणी बसतील अशी मजा. मराठीत मला त्याला 'उनाडकी' हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. नेस्ट्रॉयनं नाटकाचा प्रकार 'पॉसे मिट गेझांग' असा दिला आहे, म्हणजे पदं असलेलं प्रहसन. अंक चार.

कथा थोडक्यात अशी. त्सांग्लर हा लहान गावातला मसाले आणि किराणा विकणारा व्यापारी. तो कामासाठी व्हिएन्नाला निघतो. जाता जाता दुकानातल्या वाइनबर्लला भागीदार करतो आणि क्रिस्टोफर्ल या पोऱ्याला बढती देतो. वाइनबर्लच्या मनात येतं की उद्यापासून आपण शेठ, मग म्हातारपणी चार लोकांत बसल्यावर 'मीही एके काळी भलता होतो' असं सांगायला काहीतरी हवं ना? म्हणून दोघं दुकान बंद करून व्हिएन्नाला पळतात आणि नेमके मालकाच्याच वाटेत येत राहतात.

आता माझी चूक सांगते, कारण त्या चुकीतूनच ही पद्धत निघाली. काही वर्षांपूर्वी मी एका मासिकात छातीठोकपणे लिहिलं होतं की 'हॅलो, डॉली!' या अमेरिकन संगीतिकेतली डॉली लेव्ही ही मूळची नेस्ट्रॉयची. कुठल्याशा माहितीपत्रकात 'नेस्ट्रॉयच्या नाटकावर बेतलेलं' असं वाचलं आणि पुढचं मीच गृहीत धरलं. एका वाचकानं पोस्टकार्ड पाठवून विचारलं, 'नेस्ट्रॉयच्या पात्रयादीत ही बाई कितव्या ओळीत आहे?' मी यादी उघडली. ती कुठेच नव्हती. डॉली थॉर्नटन वाइल्डर या अमेरिकन नाटककाराची आहे. त्यानं नेस्ट्रॉयवरून जे नाटक लिहिलं, त्याचीच पुढे 'हॅलो, डॉली!' झाली. तिचा एक मोठा प्रवेश त्यानं मोलियरच्या 'कंजूष'मधल्या फ्रोझीनकडून घेतला आहे. तेव्हापासून माझा नियम ठरला: कुठल्याही 'बेतलेलं' या शब्दावर दोन्ही पात्रयाद्या शेजारी ठेवल्याशिवाय विश्वास टाकायचा नाही.

वही आडवी धरा

एक मोठी वही घ्या, आडवी धरा आणि प्रत्येक शहराला एक रकाना द्या. माझ्या वहीत लंडन, व्हिएन्ना, न्यूयॉर्क, पुन्हा लंडन असे रकाने आहेत. डावीकडे उभ्या ओळीत पात्रं लिहायची, पण नावानं नव्हे, कामानं: मालक, मोठा नोकर, पोऱ्या, नवा गडी, दुकानवाली बाई, पळून जाणारी मुलगी, तिचा प्रियकर, मुलीला जिच्या घरी डांबायचं ती एकटी बाई. मग आडव्या ओळीत नावं भरायची.

हे करताना कुठे काय टिकलं ते आपोआप दिसायला लागतं. मालक त्सांग्लरचा अमेरिकेत व्हॅन्डरगेल्डर झाला. आडनावाला डच वळण आलं, पण त्यात 'गेल्ड', म्हणजे पैसा, स्पष्ट ऐकू येतो. वाइनबर्ल हा ऑस्ट्रियात मनुक्याला म्हणायचा शब्द, किराणा दुकानातल्या माणसाला शोभेल असा. अमेरिकेत तो कॉर्नेलियस हॅकल झाला. मनुका गेला, पण आडनावाला ऑस्ट्रियाचा वास राहिला. नवा गडी मेल्शिओर, त्याचा मलाकाय झाला, पहिलं अक्षर तेच. आणि ती एकटी बाई? व्हिएन्नात फ्रॉइलाइन ब्लुमेनब्लाट, म्हणजे फुलाची पाकळी. न्यूयॉर्कमध्ये तिचं नाव फ्लोरा व्हॅन ह्यूसन. फूल गळलं नाही! हे मला दिसलं त्या रात्री मी वही मिटू शकले नाही. वाइल्डरनं नेस्ट्रॉय किती जवळून वाचला होता, ते त्या एका नावात आहे.

आधी मागे जा

बहुतेक जण मूळ जर्मन नाटकापासून सुरुवात करतात आणि पुढे जातात. तुम्ही आधी एक पाऊल मागे जा, कारण फार्समध्ये 'मूळ' क्वचितच मूळ असतं. वाइल्डरनं आपल्या छापील नाटकाच्या सुरुवातीच्या टिपेत सरळ सांगून टाकलं आहे की आपलं नाटक नेस्ट्रॉयवरून आणि नेस्ट्रॉयचं एका इंग्रजी नाटकावरून. ते इंग्रजी नाटक म्हणजे जॉन ऑक्सनफर्डचं 'अ डे वेल स्पेंट', लंडन, १८३५. एकच अंक. पळणारे दोघं तिथे बोल्ट आणि मिझल. इंग्रजी बोलीत दोन्ही शब्दांचा अर्थ 'पसार होणं' असाच होतो.

ऑक्सनफर्ड तेव्हा विशीत होता. हाच माणूस पुढे 'द टाइम्स'चा नाट्यसमीक्षक झाला, आणि त्यानंच जर्मन कवी गटेचं आत्मचरित्र आणि एकरमाननं नोंदवलेली गटेची संभाषणं इंग्रजीत आणली. म्हणजे जर्मन साहित्य इंग्रजांच्या घरी नेणाऱ्या माणसाचा स्वतःचा लहानसा फार्स आधीच जर्मनमध्ये जाऊन मोठा झाला होता. माग एकाच दिशेनं जातो असं धरून चाललात तर असली गोष्ट हातून निसटते.

इंग्लंडमधलं जुनं नाटक शोधायचं असेल तर एक सोय लक्षात ठेवा. तिथे प्रयोगाआधी नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत परवानगीसाठी द्यावं लागे. ही पद्धत १९६८ साली संपली. त्या हस्तलिखितांचा मोठा साठा, १८२४ पासूनचा, ब्रिटिश लायब्ररीत आहे. व्हिएन्नातही तेव्हा परिनिरीक्षण कडक होतं, आणि नेस्ट्रॉयला रंगमंचावर ऐनवेळी पदरचं बोलल्याबद्दल १८३६ साली काही दिवस कोठडीतही जावं लागलं होतं. त्यामुळे त्याच्या संहितेत 'कागदावरचं' आणि 'प्रयोगातलं' हे वेगळं धरावं लागतं. त्याची बरीच हस्तलिखितं व्हिएन्नाच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात आहेत. तिथे जाता आलं नाही तरी अडत नाही. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं 'आनो' नावानं इंटरनेटवर खुली केली आहेत. मार्च १८४२ चे अंक उघडा, 'थिएटरत्साइटुंग' हे नाटकांचं वर्तमानपत्र वाचा. गॉथिक टाइप पहिले दोन आठवडे डोळे दुखवतो, मग सवय होते.

प्रसंग कुठला धरायचा

जिथे एकाला दुसरंच कुणीतरी समजलं जातं, तो प्रसंग धरा. फार्सचा कणा तो. मी धरला तो ब्लुमेनब्लाटबाईच्या घरचा. त्सांग्लरच्या पुतणीला, मारीला, तिच्या प्रियकरासोबत पळताना पकडून या बाईच्या घरी पोचवायचं ठरलेलं असतं. पोचतात मात्र वाइनबर्ल आणि क्रिस्टोफर्ल, आणि पोऱ्याच्या अंगावर बाईमाणसाचा झगा. ब्लुमेनब्लाटबाई त्या पोरालाच मारी समजते. प्रेमात पोळलेल्या या बाईला पळून आलेल्या जोडप्याबद्दल केवढा उमाळा येतो! आणि ते दोघे तो उमाळा अंगावर घेत उभे. काही बोलावं तर पकडले जाणार, न बोलावं तर लग्न लागणार.

न्यूयॉर्कला फ्लोराच्या घरी हेच घडतं. पोऱ्या आता बार्नबी टकर, वय सतरा. बायकी कपड्यातल्या बार्नबीला ती पळून आलेली एर्मेंगार्ड, म्हणजे मालकाची पुतणी, समजते. पुन्हा लंडनला, इंग्रज नाटककार टॉम स्टॉपर्डनं नेस्ट्रॉयवरूनच केलेल्या 'ऑन द रॅझल'मध्ये, १९८१ साली नॅशनल थिएटरच्या लिटलटन रंगमंचावर, हाच प्रसंग येतो. तिथे क्रिस्टोफरची भूमिका फेलिसिटी केंडल या अभिनेत्रीनं केली. म्हणजे बाई पोराचं काम करते, तो पोर बाईचे कपडे घालतो आणि समोरची बाई त्याला मुलगी समजते. संहितेत यातलं काहीच नवं नाही. पात्रनिवडीनं प्रसंगावर आणखी एक घडी पडली. म्हणून प्रत्येक रकान्यात पात्राखाली नटाचं नाव लिहायचंच, ते सोडून चालत नाही.

नटाची ओळ भरली की दुसरी गोष्ट उघड होते: नाटकाचा भार कुणाच्या खांद्यावर आहे. व्हिएन्नात वाइनबर्ल स्वतः नेस्ट्रॉयनं केला, आणि मेल्शिओर हा नवा गडी केला वेन्झेल शोल्झनं, जो लोकांचा प्रचंड लाडका विनोदी नट होता. मग मेल्शिओरला एवढं बोलायला का दिलंय, याचं उत्तर कथेत शोधायची गरज उरत नाही. १९३८ साली न्यूयॉर्कला वाइल्डरच्या 'द मर्चंट ऑफ याँकर्स'मध्ये भार डॉलीकडे सरकला. १९६४ साली 'हॅलो, डॉली!'मध्ये कॅरल चॅनिंग आली आणि दुकानातले दोघे तर तिच्या मागे चालणारे झाले.

आता एक बारकावा, जो मला सगळ्यात प्रिय आहे. व्हिएन्नात वाइनबर्ल पळतो कारण त्याला भागीदारी मिळाली. बढती हेच उनाडकीचं कारण. याँकर्समध्ये, म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या ज्या गावात वाइल्डरनं हे दुकान नेलं तिथे, व्हॅन्डरगेल्डर कॉर्नेलियसला मोठ्या थाटात मुख्य कारकून नेमतो, आणि कॉर्नेलियस विचारतो की मग इतके दिवस मी कोण होतो? म्हणजे त्याला मिळालं काहीच नाही. तेहतीस वर्षांचा हा माणूस पळतो कारण आयुष्यात अजून काही घडलेलंच नाही, आणि दुकान बंद करायला निमित्त हवं म्हणून टोमॅटोचे डबे तापवून फोडतो. पळणं तेच, दार तेच. कारण मात्र उलटं. रूपांतरकार दोन समाजांतला फरक कुठे ठेवतो ते असं एका संवादात सापडतं. तुमच्या नाटकातही ही जागा शोधा: सुरुवातीला पात्रं घराबाहेर का पडतात?

पालुपद आणि पदं

मेल्शिओर दर दोन वाक्यांनी म्हणतो, 'दास इस्ट क्लासिश'. त्सांग्लर वैतागून सांगतो की तो मूर्ख शब्द सारखा वापरू नकोस. मेल्शिओरचं उत्तर असं की शब्द मूर्ख नाही, लोक तो मूर्खासारखा वापरतात. मी जेव्हा हा प्रवेश मित्रमंडळींना वाचून दाखवायला मराठीत केला, तेव्हा आधी 'अभिजात' लिहिलं. कोशात तेच होतं. खोलीत कुणी हसलं नाही. सगळे विनयानं पुढच्या वाक्याची वाट बघत होते, आणि फार्सच्या वाचनात याहून वाईट शांतता नसते. दुसऱ्या वेळी मी 'एकदम क्लास!' असं केलं. तिसऱ्या 'एकदम क्लास'ला लोक मेल्शिओरच्या आधीच हसायला लागले. तेव्हा मला कळलं की पालुपदाचा अर्थ दुय्यम आहे. ते तोंडात बसणारं हवं, आपल्या काळातलं हवं आणि समोरच्याला चीड आणणारं हवं. आता कुठल्याही भाषांतराकडे बघताना मी आधी पालुपद शोधते. ते मेलेलं असेल तर प्रयोग कसा झाला असेल याचा अंदाज येतो.

पदांचं तसंच. नेस्ट्रॉयच्या नाटकात नट मध्येच पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो आणि पद म्हणतो. या नाटकातल्या पदांना संगीत आडोल्फ म्युलरचं. परदेशी जाताना पहिली गळते ती पदंच. मग विचारायचं, पद गेलं तर त्याचं काम आता कोण करतंय? वाइल्डरच्या नाटकात पदं नाहीत, पण व्हॅन्डरगेल्डर, मलाकाय, कॉर्नेलियस, डॉली हे सगळे आपापल्या वेळी थेट प्रेक्षकांशी बोलतात. माझ्या मते पदाची जागा तिथे आहे. पुढे 'हॅलो, डॉली!'मध्ये जेरी हर्मनची गाणी आली, म्हणजे हे नाटक पदांशिवाय पंचवीसेक वर्षं राहिलं आणि पुन्हा गायला लागलं. स्टॉपर्डनं पदं पूर्ण काढली. त्याच्याकडे ते काम कोट्या करतात. त्सांग्लरच्या जिभेवरून शब्द सारखे घसरतात, आणि प्रेक्षक त्या घसरण्याचीच वाट बघत बसतो.

स्टॉपर्डला जर्मन येत नव्हतं. नेव्हिल आणि स्टीफन प्लेस यांनी करून दिलेल्या शब्दशः भाषांतरावरून त्यानं काम केलं, आणि आपल्या प्रस्तावनेत हेही मान्य केलं की पात्रं आणि बहुतेक कथानक नेस्ट्रॉयचं, पण संवाद हे भाषांतर म्हणून लिहिलेलेच नाहीत. म्हणून रकान्यात 'भाषांतरकार' अशी एकच ओळ ठेवू नका, तीन ठेवा: शब्दशः भाषांतर कुणाचं, रंगसंहिता कुणाची, दिग्दर्शन कुणाचं. ('ऑन द रॅझल'चं पीटर वुडचं.) पहिल्या ओळीतली माणसं बहुधा बारीक अक्षरात असतात. ती शोधून लिहा, त्यांच्या कष्टाशिवाय पुढचं काही उभं राहिलं नसतं.

आकडे जपून वाचा

प्रयोगांची संख्या मिळाली की हात आपोआप निष्कर्षाकडे जातो. थांबा. 'द मर्चंट ऑफ याँकर्स' २८ डिसेंबर १९३८ ला गिल्ड थिएटरमध्ये सुरू झालं आणि ३९ प्रयोगांत बंद पडलं. दिग्दर्शक होता माक्स राइनहार्ट, स्वतः ऑस्ट्रियन, हिटलरच्या काळात देश सुटलेला. डॉली जेन काउल. नुसता हा आकडा बघितला असता तर मी लिहून मोकळी झाले असते की नेस्ट्रॉय अमेरिकेत चालत नाही. पण वाइल्डरनं तेच नाटक थोडं बदलून 'द मॅचमेकर' केलं. टायरोन गथ्रीनं ते १९५४ साली एडिंबरा महोत्सवात बसवलं, डॉली केली रूथ गॉर्डननं, मग लंडन, आणि ५ डिसेंबर १९५५ पासून न्यूयॉर्कचं रॉयल थिएटर. न्यूयॉर्कमध्ये एकूण प्रयोग ४८६. संहितेत फरक थोडा, आकड्यात बारापट. दिग्दर्शक, नटी, नाटकाचा वेग, काळ, असं बरंच काही त्या मधल्या जागेत आहे, आणि तुमचं खरं काम तिथेच आहे. परीक्षणं वाचा, तालमीच्या प्रती मिळाल्या तर बघा. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि लंडनच्या नॅशनल थिएटरच्या संग्रहात असं साहित्य जपलेलं असतं. वाइल्डरचे कागद येल विद्यापीठात आहेत. तारखा आणि आकड्यांसाठी ब्रॉडवेचा इंटरनेटवरचा डेटाबेस पुरतो, पण तारीख लिहिताना पहिला सरावप्रयोग आणि अधिकृत उद्घाटन यांत गल्लत करू नका.

हक्कांबद्दल थोडंच. नेस्ट्रॉय १८६२ साली गेला. लेखकांचे हक्क परदेशातही जपणाऱ्या बर्न करारात ऑस्ट्रिया १९२० साली आला आणि अमेरिका १९८९ साली. एकोणिसाव्या शतकातल्या फार्सवर मूळ लेखकाचं नाव नसणं त्यामुळे नेहमीचंच आहे, आणि नाव नाही म्हणून संबंध नाही असं धरता येत नाही. वाइल्डरनं नाव दिलं, लंडनपर्यंतची साखळीसुद्धा दिली. त्याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

एक ओळ मी वहीत फार उशिरा भरली. 'हॅलो, डॉली!' न्यूयॉर्कला २८४४ प्रयोग करून जगभर गेली, तशी जर्मनमध्येही गेली. १९६८ साली व्हिएन्नात डॉली झाली मारिका र्योक. नाट्यगृहाचा रकाना मी सवयीनं शेवटी भरते. लिहून झालं आणि मी पान मागे उलटून १८४२ ची ओळ बघितली. थिएटर आन डेअर वीन. तेच.